मावळतीची मोजणी

"ऐलराज्याच्या नागरिकांनो, तुम्ही पैलराज्याच्या भूमीवर आहात. मावळतीपूर्वी माघारी जा."

सकाळपासून आकाशातला भोंगा हे एकच वाक्य घोकत होता, आणि थडीबोरजची सरपंच कौतिका घोडके अंगणात उभी राहून त्याला मनसोक्त शिव्या घालत होती.

"माघारी जा म्हणे! कुठं माघारी? मुडद्या, माझी तुळस बघ, माझा गोठा बघ. जिथं होता तिथंच हाय. आमी तसूभर हललो न्हाई. नदी हलली!"

अगदी खरं होतं. कारवती नदी गावाला घोड्याच्या नालेसारखं वळण घालून जायची. रात्रीच्या पुरात तिनं ते वळण सोडलं, गावामागची अरुंद पट्टी फोडली आणि सरळ वाट धरली. गाव झोपलं तेव्हा नदीच्या अलीकडे होतं, उठलं तेव्हा पलीकडे. दुसऱ्या कुठल्या काळात लोकांनी चार दिवस नदीला नावं ठेवली असती, एक होडी घेतली असती आणि कामाला लागले असते. पण हा काळ पडला शहाण्यांचा.

पठाराचे दोन देश होऊन शंभरावर वर्षं उलटली होती. भाषा एक, भाकरी एक, देवसुद्धा तेच; पण दोघांकडे एकमेकांची राखरांगोळी करतील एवढे अणुबॉम्ब. मधली सीमा म्हणजे धारारेषा. नदीचं सगळ्यांत खोल पाणी जिथून वाहतं, ती रेषा. आता नदी काय एका जागी बसते? नकाशावर एकदाची रेघ मारून मोकळं व्हावं की नाही? पण दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी आपापल्या सरकारच्या कानात सांगितलं होतं, की नदी समोरच्याच्या अंगावर सरकणार आणि आपली जमीन वाढणार. मग काय, दोघांनीही मनातल्या मनात हसत करारावर सह्या ठोकल्या.

दहाच्या सुमारास राजधानीहून डॉ. हेरंब नाडगौडा होडीनं आले. सोबत चार शिपाई आणि छातीशी धरलेला एक पडदा. सीमेवरची 'पहारा' नावाची यंत्रणा ज्यांनी उभारली, त्या शास्त्रज्ञांपैकी ते एक.

"त्या भोंग्याला सांगा की वो डॉक्टर, नदी हलली म्हणून," कौतिका म्हणाली.

"त्याला कान नाहीत, कौतिकाबाई. मुद्दामच ठेवले नाहीत."

"म्हंजे?"

डॉक्टर ओट्यावर टेकले. "असं बघा. धाक केव्हा चालतो? आपण आगळीक केली तर समोरचा मारणारच, अशी खात्री असेल तेव्हा. माणसाबद्दल ती खात्री देता येत नाही. ऐन वेळी त्याचा हात थरथरतो, त्याला नातू आठवतो, दया येते. म्हणून दोन्ही देशांनी बटणावरचं माणसाचं बोटच काढून टाकलं. आता सगळं पहारा बघतो. सकाळी इशारा, मावळतीला मोजणी. मोजणीत आपला एक जरी नागरिक त्यांच्या जमिनीवर सापडला, की त्यांचे बॉम्ब सुटणार. ते सुटले की आपले सुटणार. मध्ये कुणाला पडता येत नाही, त्यांच्या पंतप्रधानांनाही नाही. ते सकाळपासून फोनवर रडकुंडीला आलेत."

"आणि हे शिकल्यासवरल्या माणसांनी केलं?"

"चाळीस वर्षं युद्ध झालं नाही, बाई."

कौतिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या सासऱ्यानं उभा जन्म शेजारच्या गणपाचा बांध कोरला. दर नांगरटीला वीतभर. गणपा बी कमी न्हवता. डोकी फुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पोरांच्या सोयरिकी मोडल्या. पण दोघांपैकी एकानं तरी म्हटलं का, की तुझं ढेकूळ माझ्या वावरात दिसलं तर दोन्ही घरं लेकराबाळांसकट पेटवीन? तुमी बी बांधकोरेच, डॉक्टर. निस्ते इस्त्रीच्या कापडातले."

डॉक्टर मान खाली घालून पडदा पुसू लागले.

लपून राहायची सोय नव्हती. दोन्ही देशांत मूल जन्मलं की त्याच्या गळ्याजवळच्या हाडात मोहरीएवढा दाणा बसवत. दाण्यात बॅटरी नसे. आकाशातून लहर आली की तो 'मी ऐलचा' किंवा 'मी पैलचा' एवढाच जबाब द्यायचा, उजेड पडल्यावर आरसा तो परत फिरवतो तसा. बिघडायला त्यात काही नव्हतंच. हजार वर्षं टिकेल, असं बनवणारे अभिमानानं सांगत.

शिव्या संपल्यावर कौतिकानं पदर खोचला. दुपार कलेपर्यंत तिनं गाव रिकामं केलं. अंथरुणाला खिळलेल्यांना खाटेसकट होडीत घातलं. घर सोडत नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला दंडाला धरून ओढलं. गुरं मागे राहिली, त्यांना दाणे नव्हते. शेवटच्या होडीत ती स्वतः बसली आणि ऐल काठावर उतरून म्हणाली, "घ्या. झालं तुमच्या मनासारखं?"

डॉक्टर पडद्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"अजून चौदा जण आहेत."

"डोळे फुटले का तुमचे? समदं गाव हितं उभं हाय."

घराघरातली माणसं पुन्हा मोजली. कुणी कमी नव्हतं. डॉक्टरांनी पडदा तिच्यासमोर धरला. "हे ठिपके बघा. जवळजवळ आहेत, आणि एकही हलत नाही. गावामागच्या पट्टीत, नव्या प्रवाहाच्या अगदी काठाला. तिथे एक मोठं झाड आहे बहुतेक."

"करंज," कौतिका म्हणाली. मागे उभ्या असलेल्या बायकांमधून एक हुंदका आला.

"कोण आहेत ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमची लेकरं हायेत ती."

मोठं माणूस गेलं की दवाखान्यात त्याचा दाणा काढून घेत आणि मगच अंत्यसंस्काराला परवानगी मिळे. कायदाच होता. पण दात न आलेल्या लेकराला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. बाप कापडात गुंडाळून घेऊन जातो, दोन-चार माणसं बरोबर असतात, आणि घरी येऊन कुणी त्याचं नाव काढत नाही. कोणती आई त्या इवल्या गळ्याला चाकू लावायला दवाखान्यात जाईल? करंजाखालची जमीन इतके दिवस ऐलराज्यात होती, म्हणून पहाऱ्यानं तक्रार केली नव्हती. आता ती जमीन पैलची झाली. चौदा लेकरांनी परदेशावर आक्रमण केलं होतं.

"आमच्या लक्षातच आलं नाही," डॉक्टर पुटपुटले.

"कसं येईल? यंत्र बनवताना एक तरी बाई विचारली होती का?"

त्या चौदांत कौतिकाची केतकी होती. तीन महिन्यांची. अठरा वर्षांपूर्वी तिला ताप चढला. ऐलचा दवाखाना दिवसभराच्या वाटेवर, आणि पैलचा समोरच्या काठावर. त्याचा दिवा अंगणातून दिसायचा. कौतिका पोरीला पदराखाली घेऊन होडीत बसली होती. आपल्याच शिपायांनी होडी अडवली. धारारेषा ओलांडली आणि मोजणीआधी परतला नाहीत तर पहारा उठेल, म्हणाले. पहाटेपर्यंत ती काठावर त्या दिव्याकडे बघत बसली होती.

"बाई," डॉक्टर हळूच म्हणाले, "ते... उकरावं लागेल. मावळतीच्या आत."

कौतिकानं त्यांच्या थोबाडीत मारली. शिपाई पुढे धावले, डॉक्टरांनी हातानं त्यांना मागे सारलं. "आणखी मारा. पण दोन तासच उरलेत. नाहीतर दोन्ही देश जातील, तुमची ही सगळी लेकरंसुद्धा."

तिनं वळून पाहिलं. खाटांवरची म्हातारी माणसं, शेंबडी पोरं, दिवस भरलेली एक सून. तिनं डोळे पुसले.

"पुरुष नकोत. आयाच जातील. ज्यांच्या आया मेल्या, त्यांचं आमी बघू."

बायका होडीतून परत पैल काठावर गेल्या. पडद्यावरचा आकडा वाढला. खुरपी घेऊन त्या करंजाखाली बसल्या. थोड्या वेळानं नदीच्या जुन्या वळणापलीकडच्या पैल बोरज गावातल्या बायका कुदळी आणि धुतलेली दुपटी घेऊन आल्या. त्यांच्यातल्या कित्येकींची लेकरं अशाच कुठल्या झाडाखाली होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही. एकेक आई जागा ओळखायची, माती सारायची, आणि हाताला लागेल ते दुपट्यात घेऊन छातीशी धरायची. कुणी मोठ्यानं रडत होतं, कुणी पंतप्रधानांचा बाप काढत होतं.

तेरा लेकरं निघाली. केतकीची जागा सापडेना. करंजाची मुळं नदीवर लोंबत होती. त्या बाजूची दरड पुरानं खाल्ली होती. तरी कौतिका उकरतच राहिली, नखांतून रक्त येईपर्यंत.

"कौतिकाबाई, परत या!" डॉक्टर पलीकडून कर्ण्यात ओरडत होते. "तुमच्या लेकीचा ठिपका पाण्यात आहे! तो मातीत नाही!"

बायकांनी तिला अक्षरशः उचलून होडीत घातलं.

सूर्य टेकला होता. पडद्यावर आकडा होता एक. मग शून्य. मग पुन्हा एक.

"हे काय चाललंय?" कौतिकानं विचारलं.

"नदीच्या तळाशी गाळ लोळतो, त्याच्याबरोबर दाणा लोळतोय. अगदी धारारेषेवर. एकदा इकडे, एकदा तिकडे." डॉक्टरांना धाप लागली होती. "मावळतीच्या क्षणी कुठे असेल, ते आपल्या हातात नाही."

काठावरचे सगळे पडद्याभोवती गोळा झाले. एक. शून्य. एक. सूर्याची शेवटची कड बुडाली तेव्हा पडद्यावर शून्य होतं. भोंगा थांबला. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, डॉक्टर वाळूत बसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा पुन्हा वाजला. "ऐलराज्याच्या नागरिका, तू पैलराज्याच्या भूमीवर आहेस. मावळतीपूर्वी माघारी जा."

तेव्हापासून दोन्ही देशांच्या फौजा मिळून कारवतीचा तळ चाळताहेत. जाळी लावून झाली, पाणबुडे उतरवून झाले. दाणा गाळाबरोबर खाली खाली चाललाय, आणि नदी अजून पुष्कळ लांब सीमेवरूनच वाहते. रोज मावळतीला दोन राजधान्यांतले पंतप्रधान आणि सेनापती श्वास रोखून एकच प्रश्न विचारतात: केतकी कुठे आहे? तिचं नाव आता सगळ्यांना पाठ झालंय.

एकदा डॉक्टर नाडगौडा काठावर कौतिकाशेजारी येऊन उभे राहिले. ती रोज यायची. त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "बाई, आई म्हणून तुम्हाला काय वाटतं? सापडेल का ती?"

"कशाला सापडंल?" कौतिका म्हणाली. "अठरा वर्षांमागं तिला पलीकडं न्यायची होती, तवा तुमी होडी अडवली. आता ती येडी रोज एकटी जाती न् येती." तिनं पाण्याकडे हात केला. "अडवा की आता."