संथ केलेला व्हिडिओ

धाराशिवच्या मैदानावर फक्कीच्या ताज्या रेघा… आणि मी घाईत नेमका त्यांच्यावरच पाय दिला.

“मॅडम, रेघ आत्ताच मारलीय हो!”

मी वळले. ओरडणाऱ्या सरांच्या मिशीवरसुद्धा फक्की!

“मिशीवरचीही आत्ताच का?”

ते वाशी तालुक्याचे क्रीडाशिक्षक कुलदीप. मी श्रीदेवी, उमरगा तालुक्यातल्या मुरुमच्या शाळेत खो-खो शिकवणारी. खेळ मोबाइलवर टिपायचा, त्यातली चूक पडद्यावर दाखवून इतर क्रीडाशिक्षकांना शिकवायचं, असं ते शिबिर. नीट शिकवील त्याच्याकडं आपापल्या तालुक्याचं नेतृत्व. मला ते हवं होतं… पण माइकवर बोलायची भीती वाटते, हे मी सरांना सांगून टाकलं.

“कीर्तन ऐकता न्हवं?” ते म्हणाले. “बुवा आधी अभंग गातात, मग उकलून सांगतात. तुम्ही आधी व्हिडिओ लावा, मग बोला. अडलात तर मागं टाळकरी मी आहेच.”

लई धीर आला.

मी खांबाला वळसा घालून दाखवला, त्यांनी टिपला, ॲपवर संथ केला. दुपारी भरल्या सभागृहात लावला. पडद्यावर मी हळूहळू वळतेय… आणि रेड्यानं रेकावं तसा लांबलेला आवाज — “कि…ती… गो…ड… हस…ते… ही…”

टिपताना सर स्वतःशीच पुटपुटले होते, आणि व्हिडिओचा आवाज बंद करायलाच विसरले होते!

शिट्ट्या, टाळ्या. माझे कान तापले. आता खाली उतरले, तर सगळं गेलं. आणि माझा टाळकरी? मान खाली घालून बसलेला! पांडुरंगाचं नाव घेतलं नि माइक धरला.

“हसून झालं असेल तर माझी टाच बघा. वळताना ती उशिरा उचलली. आवाजवाल्या सरांची चूक जेवणानंतर बघू!”

सभागृह पुन्हा हसलं — पण आता माझ्या बाजूनं. मग सगळे त्या टाचेवरच बोलत राहिले. उमरगा तालुका माझ्याकडं आला.

संध्याकाळी बस स्टँडवर ते आले. “चुकलं माझं… व्हिडिओ पुसू का?”

“पुसा की. तेच तोंडानं सांगणार असाल तर.”

“इथं? एवढ्या माणसांत?”

“दुपारी कमी होती व्हय?”

कंडक्टरनं घंटी मारली. ते लालेलाल झाले, आणि एका दमात — “श्रीदेवी, मला तुम्ही आवडता!”

मी पायरीवर चढले. “रविवारी मुरुमला कीर्तन आहे. आई-अप्पा पुढंच बसतात. या… जागा धरते.”

गाडी हलली. धुरळ्यातून ते मागं धावत होते — “अहो, पण किती वाजता?”

लग्नाला आता बरीच वर्षं झाली. अजूनही कीर्तनाला माझ्याआधी जाऊन अप्पांशेजारी बसतात हे!