चार फोटोंवरचे ठिपके

"परवा प्रदर्शन आहे, आणि माझ्या आईच्या चेहऱ्यावर कोणीतरी ओरखडे काढतंय. की मशीनच काढतंय? ते तुम्ही सांगा."

पाहुणीने टेबलावर एक मोठा फोटो उलगडला. ती फोटोग्राफर होती, दोन बहिणींतली थोरली. भिंगबाईंनी चहाचा कप बाजूला सारला.

भिंगबाईंनी तीस वर्षं बँकेत खोट्या सह्या पकडल्या होत्या. हे नाव तेव्हाच पडलं. आता त्या घरूनच लोकांची कोडी सोडवत. सोबतीला त्यांचे थोरले भाऊ असायचे. ते गणिताचे निवृत्त मास्तर. हिशोबात पक्के, पण माणसं त्यांना उशिरा कळत.

"चांगला आहे की फोटो!" मास्तर म्हणाले.

"खिडकीकडे तिरपा धर, दादा."

मास्तरांनी फोटो तिरपा धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. चकचकीत कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते. त्यांच्या सरळ रेघा म्हाताऱ्या बाईंच्या हसऱ्या चेहऱ्यावरून, या कानापासून त्या कानापर्यंत गेल्या होत्या.

"याला आम्ही चाकाचे ठसे म्हणतो," थोरली म्हणाली. "प्रिंटरच्या तोंडाशी बारीक दातेरी चाकं असतात. बाहेर येणारा कागद ती वरून दाबून धरतात. शाई ओली राहिली, तर दात उमटतात. आईच्या शेवटच्या वर्षाचे बारा फोटो आहेत. त्यातले चार असे निघाले. परत छापले, तर पुन्हा तेच चार."

"मशीन कोण चालवतं?"

"आमचे काका. नात्याचे नाहीत, पण अठरा वर्षं आमच्याकडे कामाला आहेत. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना शनिवारपासून येऊ नका म्हणून सांगितलंय." तिने ओठ चावला. "काका नुसते मशीन पुसत बसले."

तासाभरात तिघंही स्टुडिओत पोचली. पुढे दुकान, मधे मशीनची खोली, मागे अल्बम बांधायचं मोठं टेबल.

काका मशीनशेजारच्या स्टुलावर बसले होते. पाहुणे बघून ते उठले, पण हातातलं फडकं काही सोडलं नाही.

"खोटं कशाला बोलू? हे फोटो छापायला घेतले, त्या पहिल्या दिवशी ठसे आले होते. हे बघा." त्यांनी भिंतीवर टाचलेला त्या दिवशीचा फोटो दाखवला. त्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत ठिपक्यांच्या रेघा उतरल्या होत्या, दोन-दोनच्या जोडीने. "सगळ्या घराने पाहिले. मग मी बंदोबस्त केला. मशीनला कागदाचा जाड प्रकार नीट सांगितला. शाई थोडी कमी केली. शाई सोडणारं हेड एक घर वर उचललं. प्रत्येक फेरीनंतर जरा थांबायला लावलं, म्हणजे शाई वाळते. चाकं पुसली. वाकलेला कागद तर घालतच नाही. त्यानंतर एक ठसा येईल तर शपथ!"

"हे चार बिघडलेले तुम्ही पाहिलेत?"

"मला कोण दाखवतंय? साहेबांनी दारातूनच सुनावलं."

"आणि छापल्यावर?"

"दिवसभर मांडणीवर वाळवतो. मग मागे जातात, चौकटीत बसवायला."

भिंगबाई भिंतीवरच्या फोटोला नाक लावून उभ्या होत्या. "इथे तर रंगच उचलला गेलाय. ठिपके पांढरे पडलेत."

"ओली शाई चाकाला चिकटते ना, बाई."

"आमच्यासमोर एक छापाल? बारांतला सगळ्यांत काळोखा."

मशीन घरघरलं. फोटोतल्या बाईंचे केस दिसू लागले, मग कपाळ, मग डोळे.

"डोक्याकडून येतोय!" मास्तर खूश झाले. "म्हणजे बाळंतपण सुखरूप."

काकांना दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. काळाभोर फोटो खिडकीपाशी तिरपा धरला, तर त्यावर एकही ठिपका नव्हता.

थोरलीचा नवरा पुढे दुकानात गिऱ्हाइकाचे फोटो कापत होता. त्याने मान वर केली नाही.

"मला हेवा वाटतो का, हेच विचारायचंय ना? वाटतो. पाटीवर वीस वर्षं माझं नाव आहे आणि परवा सगळं गाव हिला बघायला येणार. लोक मला विचारतात, 'तुम्ही त्यांचे मिस्टर का?' जिवाला लागतं हो. पण सासूबाईंचा फोटो बिघडवीन? आणि दुसऱ्यांदा छापले तेव्हा मी इथे नव्हतोच. तीन दिवस लग्नाच्या ऑर्डरवर होतो, बाहेरगावी. आल्या आल्या हा प्रकार कळला."

"मग काकांना का काढलंत?"

"दुसरं कोण आहे?" तो म्हणाला, आणि कात्री जरा जोरात चालली.

मागच्या टेबलाशी धाकटी बहीण अल्बमची पानं जुळवत होती. तिची बोटं झरझर चालत, नजर मात्र खाली. मास्तर खुर्चीत टेकले आणि सवयीप्रमाणे टेबलावरच्या वस्तू चाळवू लागले. लाकडी मुठीचं एक दातेरी चाक त्यांच्या हाती लागलं.

"हे काय आहे?"

"पानं शिवायच्या आधी भोकांच्या खुणा करायला," धाकटी म्हणाली. "पोलादी पट्टी ठेवायची आणि कडेने फिरवायचं."

मास्तरांनी आपल्या वर्तमानपत्रावर ते एकदा फिरवून पाहिलं. "वा, काय सरळ जातं!"

"दादा, ठेव ते." भिंगबाई धाकटीकडे वळल्या. "आईजवळ तुम्ही राहत होतात?"

"सात वर्षं. न्हाऊ घालणं, औषधं, सगळं. ताई रविवारी यायची, कॅमेरा घेऊन." धाकटीने पानांची कड ठोकून सारखी केली. "आई तिच्याकडे बघून कशी हसलीय बघा ना. माझ्या हातातली औषधाची वाटी ढकलून द्यायची. आता लोक म्हणतात, थोरलीने आईला किती छान सांभाळलं. फोटोत दिसतं तेच खरं."

"फोटो काढताना तुम्ही कुठे असायचात?"

"मी? मला कुठली सवड? आत-बाहेर चालूच असायचं माझं."

भिंगबाईंनी बारा फोटो जमिनीवर ओळीने मांडून घेतले, आठ चांगले आणि चार ठिपक्यांचे. आठांत आई झोपलेली, खिडकीबाहेर बघणारी, रुसलेली. चारांत ती मनापासून हसत होती, आणि त्यांतल्या एकात मागे नुसती पांढरी उशी होती.

"दृष्टी कॅमेऱ्यात नाही हं यांची," मास्तर म्हणाले. "जरा वरून, पलीकडे बघतायत. हललेला दिसतोय फोटो."

"हललेला नाही." भिंगबाई गुडघ्यांवर बसल्या आणि चारही चेहऱ्यांवरून भिंग फिरवत राहिल्या. "दादा, सगळ्यांना इथेच बोलाव. काकांना आधी."

सगळे टेबलाभोवती जमले.

"हे ठसे मशीनचे नाहीत," भिंगबाईंनी सुरुवात केली. "फोटो मशीनमधून डोक्याकडून येतो. म्हणजे चाकाच्या रेघा कपाळाकडून हनुवटीकडे जायला हव्यात, काकांच्या भिंतीवरच्या फोटोसारख्या. या चारांवर त्या आडव्या आहेत."

काका झटकन पुढे झाले, फोटो उचलला आणि त्यांच्या तोंडून "अरे!" एवढंच निघालं.

"दुसरं. मशीनची चाकं जोडीने आहेत. इथे रेघा एकेक आहेत, सारख्या अंतरावर. तिसरं, ओल्या शाईत दात रुतले तर रंग उचलला जातो. इथे रंग शाबूत आहे, नुसता खड्डा पडलाय. म्हणजे हे वाळल्यावर केलंय, हाताने. आणि चौथं, मशीन चुकलं असतं तर जिथे शाई जास्त तिथे चुकलं असतं. काळोखे फोटो स्वच्छ, आणि पांढऱ्या उशीचा बिघडलेला. हे मशीनने निवडलेलं नाही, माणसाने निवडलंय."

"कोणत्या माणसाने?" थोरलीने विचारलं.

"काकांनी नाही. रोज कागद घालणारा माणूस रेघा आडव्या काढणार नाही. तुमच्या यजमानांनी नाही. दुसऱ्या वेळी ते गावात नव्हते. शिवाय त्यांचा हेवा प्रदर्शनाचा आहे, त्यांनी बाराही बिघडवले असते. इथे ज्याला आईचं हसूच बघवत नव्हतं, त्याने फक्त हसरे निवडले."

त्यांनी टेबलावरची पोलादी पट्टी उचलून फोटोवर ठेवली. तिच्या दोन्ही कडा दोन रेघांवर चपखल बसल्या. पट्टी खाली सरकवली, तर पुढची रेघ कडेला आली. मास्तरांनी वर्तमानपत्रावर ओढलेली रेघ त्यांनी शेजारी धरली. ठिपक्याला ठिपका जुळला.

मास्तर वर्तमानपत्राकडे आणि मग धाकटीकडे बघत राहिले. "पोरी, तू?"

धाकटीने नाही म्हटलं नाही. "चौकटीत बसवायला माझ्यासमोर आले," ती म्हणाली. "चारही फोटोंत आई ताईकडे बघून हसत होती. सात वर्षांत माझ्याकडे बघून एकदा तरी अशी हसली का? मला ते काचेखाली घालवेना. पहिल्या दिवशीचे ठसे पाहिले होते, म्हटलं, मशीनवर जाईल. काकांवर जाईल असं मनातही आलं नव्हतं. आणि गेलं, तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही."

थोरली ताडकन उठली. "काकांची अठरा वर्षं! आणि मी दोन दिवस झोपले नाही! तुला लाज..."

"थांबा," भिंगबाई म्हणाल्या. "माझं अजून संपलेलं नाही." त्यांनी भिंग धाकटीच्या हातात दिलं. "आईच्या डोळ्यात बघा. बाहुलीत."

धाकटी वाकली.

"काय दिसतं?"

"खिडकी आहे. खाली ताई, कॅमेऱ्यामागे." ती अडखळली. "मागे दार आहे. दारात कोणीतरी... हातात ट्रे आहे."

"आता बाकीचे तीन बघा."

धाकटीने एकेक फोटो पाहिला. तिसऱ्याला भिंग हातातून निसटलं, ते काकांनी धरलं.

"सासूबाई हिच्याकडे बघून हसतायत?" नवरा पुटपुटला.

भिंगबाईंनी थोरलीकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं."

थोरली हळूहळू खाली बसली. तिचा मघाचा आवेश कुठच्या कुठे गेला होता.

"तासन्‌तास बसायचे मी," ती म्हणाली. "आई, इकडे बघ, हस ना जरा, असं म्हणायचे. ती भिंतीकडे तोंड करायची. मग दार वाजायचं, ही आत यायची, आणि आईचा चेहरा असा उजळायचा... औषध बघितलं की परत वाकडा. मधला तेवढाच क्षण. मी बटणावर बोट ठेवून दार वाजायची वाट बघायचे."

"मग मला का नाही सांगितलंस, ताई? सात वर्षांत एकदा तरी?"

"सांगितलं असतं, तर ते फोटो माझे राहिले नसते."

नवऱ्याने घसा खाकरला आणि काकांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, माझं चुकलं. शनिवारी या. रोजच या."

"मी गेलोच कुठे होतो?" काका म्हणाले.

धाकटी त्यांच्या पाया पडायला वाकली. काकांनी तिला मधेच थोपवलं. "ते राहू दे. माझी जाड कागदाची थप्पी वजनाखाली आहे, तेवढी उचलून आण. सरळ आण, वाकवू नकोस." मग ते थोरलीकडे वळले. "चारही छापायचे ना?"

थोरलीने डोळे पुसले. "चारही. पहिला वाळला की माझ्याकडे नका देऊ, काका. तिच्याकडे द्या, तिचाच आहे तो."