झाकणाचा कौल

दुपारची सर आली आणि नॉर्डिया केमारच्या स्टुडिओच्या पत्र्याखाली शिरली. आत एकच ताल घोळत होता. किंग्स्टनमध्ये याला रिदिम म्हणतात. ताल एकाचा, त्यावर गाणी ज्याची त्याची आणि सगळ्यांचा मिळून एक अल्बम.

केमारने दार उघडलं. "भिजतेस कशाला? आत ये."

"ताल तुझा छाती काढून चालतो रे," ती म्हणाली, "पण कंबर लचकत नाही."

ताल बांधणाऱ्याला तोंडावर असं सांगणारी एकतर वेडी असते, नाहीतर गायिका. नॉर्डिया लोकांच्या वेण्या घालून पोट भरायची आणि कुणी न विचारता गायची. केमारने तिला माइकपुढे उभं केलं. ती गायली…

"पुन्हा गा ना—"

"इतकं आवडलं?"

"बटण दाबायचं राहिलं."

त्या रिदिमवर सिल्व्हर कायमनचंही गाणं होतं. नाव मोठं, नाक त्याहून मोठं. "वेण्या घालणारीच्या शेजारी मी? ती तरी राहील, नाहीतर मी!"

केमार तडक तिच्या सलूनमध्ये आला. "जाऊ दे त्याला. तुझं गाणं राहणार. मला तू… आवडतेस."

नॉर्डियाचा कंगवा थबकला. आवडला तर तिलाही होता, पण हिशेबात ती पक्की. "म्हणजे मी आवडते म्हणून गाणं राहणार? भीक नको मला. रविवारी हेलशायरच्या किनाऱ्यावर वाजव, माझं नाव न सांगता. लोकांनी परत मागितलं तर ठेव, नाहीतर पुसून टाक. तुझ्या बोलण्याचं उत्तरही तिथेच."

रविवारी किनाऱ्यावर तळलेल्या माशांचा घमघमाट होता. त्या एकाच तालावरची गाणी एकामागून एक वाजू लागली. कायमनच्या गाण्यावर लोकांनी माना डोलावल्या, पण हातातला मासा कुणी खाली ठेवला नाही.

मग नॉर्डियाचा आवाज आला. तिने केमारची बाही घट्ट धरली…

पहिलंच कडवं. मासे तळणाऱ्या मिस आयव्होरीनने जन्मात कुणाचं कौतुक केलं नव्हतं. तिने पातेल्याचं झाकण उचललं आणि त्यावर झारा हाणला. झण्ण! लगेच लोकांनी कुंपणाचे पत्रे बडवले. इथे झाकण-पत्रे वाजले की अर्थ एकच: पुन्हा, पहिल्यापासून! गाणी लावणाऱ्याने गाणं तोडलं आणि पहिल्यापासून लावलं. याहून मोठा मान त्या गावात नाही.

"कोण गं ही पोर?" मिस आयव्होरीन ओरडली.

"मी, मावशी!" नॉर्डियाची हनुवटी वर गेली. "वॉटरहाऊस वस्तीतली. वेण्या घालते."

केमार फुलून गेला. "अल्बमवर तुझं नाव सगळ्यात वर!"

"शेवटी टाक. सगळ्यांना ऐकून मग माझ्यापर्यंत येऊ देत."

"आणि कायमन?"

"राहू दे की. शेजार चांगला मिळालाय त्याला."

"मग… माझं उत्तर?"

"कशाचं? नीट बोल."

"नॉर्डिया, मला तू खूप—"

झण्ण! तिने मिस आयव्होरीनचं झाकण हिसकावून त्याच्या नाकासमोर वाजवलं होतं. सगळा किनारा वळून बघू लागला. केमारचा चेहरा क्षणभर पडला… पण पोरगा किंग्स्टनचा होता.

तो हसला, घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरू झाला.