अधारतालचं हिरवं थान

दुर्वा, ती खिडकी लावून घे आधी. अक्षत, मोबाइल खाली ठेव. भूतबित मी मानत नाही. मी कापडवाला माणूस, हाताला लागेल तेवढंच खरं धरतो. पण ही गोष्ट गोहलपूर मोहल्ल्यातल्या प्रल्हाद डोंगऱ्याची आहे, आणि प्रल्हाद कापडाच्या बाबतीत खोटं बोलत नाही. भाव सांगताना बोलतो, ते सोडा.

मागच्या वर्षीची पौषातली अमावस्या. बुधवार. इथले लोक तिला मौनी अमावस्या म्हणतात. निम्मं शहर नर्मदाजीवर नहायला गेलेलं. रात्री नऊच्या सुमारास प्रल्हादनं हिरव्या कापडाचं कोरं थान, म्हणजे अख्खा तागा, स्कूटरला बांधलं आणि तो अधारतालला निघाला. साधं काम. आनंदच्या स्टुडिओत थान टाकायचं, चहा घ्यायचा, परतायचं.

हा आनंद घराच्याच वरच्या मजल्यावर शूटिंग करायचा. दुकानांच्या जाहिराती, लग्नाचे व्हिडिओ. मागं हिरवा पडदा, पुढं माणूस. कॉम्प्युटर हिरवं तेवढं खाऊन टाकतो, मग तिथं काश्मीर भरा, नाहीतर दुबई भरा. एकदा एक नेताजी हिरवाच कुर्ता घालून आले. स्क्रीनवर बघतात तर नुसतं मुंडकं आणि दोन हात, मतं मागून राहिले! प्रल्हाद हा किस्सा गिऱ्हाइकांना चहाबरोबर पाजायचा.

आनंदशी त्याचं नातंही होतं. आनंदची बायको गीतांजली, ही प्रल्हादची मानलेली भाची. होती म्हणायचं. त्या रात्रीच्या दीड वर्ष आधी नर्मदेच्या लम्हेटा घाटाला बुडाली. देह सापडला नाही. घाटावर फक्त तिच्या चपला. आनंद त्या दिवशी नागपुरात होता. संध्याकाळी त्यानं नागपूर स्टेशनवरून घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. मागं उभी गाडी, लाल सदऱ्यातला हमाल, घड्याळ. ‘पोचलो. गीता फोन उचलून नाही राहिली, कोणी जरा बघा.’

त्या व्हिडिओपुढं पोलीस गप्प, नातेवाईक गप्प. एकटी तिची आई, बेबीताई, गप्प बसेना. “माझी लेक विहिरीत डोकावायला भ्यायची. ती एकटी घाटावर काहून जाईल?” आणि दुसरं दुःख त्याहून मोठं. सवाष्ण गेली की माहेरची हिरवी साडी नेसवून पाठवायची, ही आपली रीत. देहच नाही, तर नेसवणार कोणाला?

“हिरवं घेतल्याशिवाय ती कुठं जात नाही, प्रल्हाद,” बेबीताई म्हणायची.

आता आनंदचं दुसरं लग्न ठरलं होतं. शहपुऱ्याची मुलगी, चैत्राली. त्या दुपारीच बेबीताई दुकानात येऊन बसली होती. “हा त्या पोरीलाही पाणी दाखवेल. तू मामा ना रे? बोल काहीतरी.”

“ताई, काय बोलू? तो नागपुरात होता. साऱ्यांनी पाहिलं ना.”

तर प्रल्हाद पोचला. आनंद मोतिया रंगाची शेरवानी घालून तयार.

“या मामाजी! तुमच्यावाचूनच अडलं होतं.”

“जुन्या पडद्याला काय झालं, जावईबापू?”

“ओल येते. रोज सकाळी खालून चिंब. भिंत कोरडी, छत कोरडं... जाऊ द्या ना. चलो, टांगू.”

दोघांनी थान उलगडून भिंतीवर टांगलं. न कापता, उरलेलं खाली जमिनीवर पसरलं. आनंदला तिथूनच लाइव्ह जाऊन दोन्हीकडच्या मंडळींना साखरपुड्याचं आमंत्रण द्यायचं होतं. मागं बर्फाचे डोंगर.

“कामावरचे सगळे नहायला पळाले. तुम्ही इथं बसा. मी बोट दाखवलं की हे बटण दाबा, बस.”

स्क्रीनचं तोंड प्रल्हादकडं. आनंदपुढं फक्त कॅमेरा आणि डोळ्यांवर दिवे. आपल्यामागं काय दिसतंय, ते त्याला कळायचं नाही.

बोट दाखवलं. बटण दाबलं. डोंगर आले. आनंद हसला. “नमस्कार! शहपुऱ्याच्या सर्व पाहुण्यांना...”

डोंगर गेले.

तिथं नागपूर स्टेशन आलं. तीच गाडी. तोच लाल सदऱ्यातला हमाल. तेच घड्याळ. खाली कोणीतरी लिहिलं, ‘भैया, ये स्टेशन कहाँ से आ गया?’

प्रल्हादनं घाबरून बटण पुन्हा दाबलं. स्टेशन हललं... आणि पदर ओढावा तसं एका बाजूनं सरकत गेलं. त्याच्यामागं काळे दगड. पाणी. लम्हेटा.

प्रल्हादला तेव्हा तो व्हिडिओ कळला. हा नागपूरला गेलाच नव्हता. इथं उभा होता. याच भिंतीपुढं.

आनंद बोलतच होता. “तरी सर्वांनी अगत्य...”

पाण्यातून कोणीतरी वर आलं. बाई. केस तोंडावर. भिजलेली. दगड चढली. आनंदच्या मागं येऊन उभी राहिली.

प्रल्हादनं मान वळवून खोलीत पाहिलं. आनंद. कापड. दुसरं कोणी नाही. फक्त... जमिनीवर पसरलेलं कापड हळूहळू वर जात होतं.

स्क्रीनवर ती ते नेसत होती. एक फेरा. कंबर दिसेनाशी झाली. दुसरा फेरा. खांदा गेला. निऱ्या... पदर... आता नुसता चेहरा. दोन हात. मधून आरपार नदी.

चेहरा गीतांजलीचा.

“मामाजी...” आनंद थांबला. “पाठीला गार लागून राहिलं. कापड ओलं आणलं का?”

प्रल्हाद बटण दाबत राहिला, नदी हटेना.

“मामाजी?”

पदर आनंदच्या छातीवरून फिरला. शेरवानी गेली. नदी दिसली. पुन्हा फिरला. हात गेले. खाली एकच ओळ आली, बेबीताईच्या नावानं. ‘गीते, आलीस?’

आनंदनं तेव्हा पहिल्यांदा मागं पाहिलं.

ओरडला नाही. तोंड उघडलं... आतून बुडबुडे आल्यासारखा आवाज. स्क्रीनवर फक्त त्याचे डोळे उरले. मग तेही नाही. नुसता घाट.

दिवे गेले.

आले, तेव्हा आनंद जमिनीवर. कापडात गुंडाळलेला. गच्च. प्रल्हादनं त्याला सोडवलं, उलथा केला. नाकातोंडातून पाणी आलं. वरच्या मजल्यावर, कोरड्या खोलीत... पाणी.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल.

पोलिसांकडून कापड परत यायला दोन महिने गेले. प्रल्हाद ते ठेवून घेणार नव्हता, पण दुकानदाराचा हात... सवयीनं मापाच्या गजावर घातलं. मोजलं. परत मोजलं. मग शटर ओढून एकटाच बसून राहिला.

एका टोकाला गिरणीचा शिक्का. दुसऱ्या टोकालाही शिक्का. मध्ये जोड नाही, टाका नाही. कात्री कुठंच लागलेली नाही.

आणि थान पाच वार कमी. एक साडी.