खोटं पडायचं नाही

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा तिच्या हातात ट्रेभर दात होते.

खोटे दात, अर्थात. चौथ्या मजल्यावर दातांची लॅब होती आणि ती तिथे मेणात दात बसवून कवळ्या तयार करायची. खालच्या दवाखान्यातून दुरुस्तीला आलेल्या पाच कवळ्या घेऊन ती वर निघाली होती. बऱ्याच वेळाने वरचं दार कुणीतरी थोडं सरकवलं आणि फटीतून एक उलटा चेहरा डोकावला.

"घाबरलात का?"

"मी नाही… हे घाबरलेत." तिने थरथरता ट्रे वर केला. "ऐका, दात वाजतायत."

उलटा चेहरा खो खो हसला. लिफ्ट दुरुस्त करणारा होता तो. आधी त्याने कवळ्या वर घेतल्या, मग तिचं मनगट धरून तिला वर ओढलं. पकड अशी, की आता काही होत नाही असं वाटावं.

"जिना चढायचा कंटाळा?" त्याने विचारलं.

"जिन्यावर दोनदा पडले या महिन्यात. म्हणून म्हटलं लिफ्टने जावं."

"म्हणजे आगीतून फुफाट्यात! असं करा, आमच्या क्लासला या. पडायला शिकवतात."

"पडायला? ते तर मला न शिकवता येतं."

"न लागता पडायला," तो म्हणाला, आणि असं काही हसला की ती चौथ्या मजल्यावर आल्यावरही जरा वेळ तिथेच उभी राहिली. आता एवढ्यावरून कुणी क्लासला नाव घालतं का? घालतं. प्रेमाला काय, निमित्तच लागतं.

क्लास होता आयकिडोचा, जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. हॉलला खडूचा वास, आणि कपडे अडकवायच्या खुंट्या मुलांच्या उंचीच्या, त्यामुळे मोठी माणसं वाकून वाकून जाकिटं टांगायची. शिकवणाऱ्या सेन्सेई म्हणजे साठी उलटलेल्या, काडीपैलवान अंगाच्या बाई. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथे कुणी कुणाला मारत नाही. समोरचा जोर लावून येतो, तोच जोर वळवून त्याला अलगद खाली ठेवायचं. ताकद लागत नाही. नियम एकच. पाडलं तरच पडायचं. खोटं पडून जोडीदाराला खूश केलंत, तर तो उद्या रस्त्यावर तोंडघशी पडेल."

जोडीदार म्हणून तिच्या वाट्याला लिफ्टवालाच आला. वाट्याला कसला, तो आपणहून समोर येऊन बसला.

"धरू मनगट?"

"विचारून धरणारा चोर पहिल्यांदाच बघतेय."

"संस्कारी चोर आहे," तो म्हणाला आणि त्याने धरलं… घट्ट. सेन्सेईंनी सांगितल्याप्रमाणे तिने हात वळवला, पाऊल टाकलं. तो ढिम्म. पुन्हा केलं. पुन्हा ढिम्म.

"जरा पडा की हो!" ती वैतागली.

"पाडा की मग! दिवसभर कुणी पडू नये म्हणून राबतो. संध्याकाळी फुकट कसा पडेन?"

तीन आठवडे तो पडला नाही. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिचं पाऊल नेमकं पडलं, कंबर वळली, आणि तो धाडकन गादीवर. पडल्या पडल्याच वर बघत हसला. तिला इतका आनंद झाला की ती त्याला उठवायचंच विसरली.

या आनंदाचं कारण समजायला तिच्या घरात डोकवायला हवं. घरात दादा आणि वहिनी. आईवडील गेल्यापासून दोघांनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि तिथेच गाडं अडलं होतं. जिन्यावरून पडली तेव्हापासून दादा तिला डॉक्टरकडे नेत होता, पण डॉक्टर बोलायचे ते दादाशी, दाराबाहेर. परत येताना दादा म्हणायचा, "काही नाही गं, अशक्तपणा आहे." वहिनी जड पातेली तिच्या हातातून हळूच काढून घ्यायची. दोघं स्वयंपाकघरात नळ सोडून बोलायची आणि ती आत गेली की हवापाण्याच्या गप्पा सुरू. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. लॅबचे मालकही हल्ली तिला म्हणत, "जरा विश्रांती घ्या," आणि तिच्या हातचे मेणातले दात दुसऱ्या कुणाकडून सरळ करून घेत. सगळी माणसं चांगली होती, आणि कुणीच खरं बोलत नव्हतं.

खरं बोलायचा फक्त तो. तोही तोंडाने नाही. जमलं तर पडायचा, नाही जमलं तर उभा राहायचा. आठवड्यातून तीन संध्याकाळी तिला तिच्या हाताची खरी खबर मिळायची, आणि ती या माणसावर जीव टाकून बसली त्याचं अर्धं कारण हेच होतं. उरलेलं अर्धं म्हणजे ते हसू.

उन्हाळा सरला तशी खबर बिघडत गेली. आधी तो दहातून सातदा पडायचा, मग चारदा, मग एखाद्या वेळी. बाहेर पाऊस भुरभुरत असायचा, खिडकीच्या काचा धुकट व्हायच्या, आणि तो तिचं मनगट धरून मुकाट उभा असायचा. ताकद लागत नाही म्हणतात. थोडी तरी लागतेच, हे ती आता शिकत होती.

मग दोनदा तो क्लासला आलाच नाही. तिसऱ्यांदा आला तो नजर चुकवत. त्याने मनगट धरलं, तिने वळवायला घेतलं. बोटांत काही नाही, दंडात काही नाही… आणि तो पडला. छान, गोल, अलगद पडला.

ती बघत राहिली. पुन्हा केलं. पुन्हा पडला. शेजारच्या जोडीने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

सगळे गेल्यावर गाद्या गोळा करायची पाळी त्या दोघांची होती. सेन्सेई दाराशी थांबल्या, दोघांकडे एकदा बघितलं, आणि दार ओढून घेऊन गेल्या.

"तुम्ही खोटे पडलात," ती म्हणाली.

त्याने गादीचं टोक उचललं.

"दोनदा."

"तुमचे दादा आले होते माझ्याकडे," तो म्हणाला.

"काय म्हणाला?"

"म्हणाले… तिला कळू देऊ नका. जरा पडत जा."

"काय कळू देऊ नका?"

"नका ना विचारू."

"तुम्हीच म्हणाला होतात, फुकट पडत नाही म्हणून! घरी सगळे पडतायत माझ्यासमोर. दादा पडतो, वहिनी पडते… आता तुम्ही पण?"

तो गादीवर बसला. मग एकेक शब्द उचलून खाली ठेवावा तसं त्याने सांगितलं. हात जाणार. नंतर पाय. याला औषध नाही. किती वेळ आहे ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

ती ऐकत होती. नवीन काहीच नव्हतं त्यात. हातच्या काकणाला आरसा कशाला? तरी ऐकल्यावर पायाखालची जमीन गेली ती गेलीच.

"दादांनी सांगितलं म्हणून नाही पडलो मी," तो म्हणाला. "तू जोर लावत होतीस आणि… मला बघवेना. प्रेम आहे माझं तुझ्यावर. लग्नाचं विचारणार होतो, दादा यायच्याही आधी."

किती वाट पाहिली होती तिने या वाक्याची! आणि आलं ते असं.

"आणि आता?"

"आता भीती वाटते." त्याचा आवाज चिरकला. "दोन दिवस आलो नाही तो त्यामुळेच. वाटलं पळून जावं. झेपेल की नाही मला… खरंच माहीत नाही."

इतक्या महिन्यांत तिच्याशी इतकं वाईट कुणी बोललं नव्हतं, आणि इतकं खरंही.

"ऊठ," ती म्हणाली. "धर."

"आता नको गं."

"धर म्हणते ना. आणि पडलास, तर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

तो उठला. त्याने तिचं मनगट धरलं, पहिल्या दिवसासारखं, घट्ट. तिने पाऊल टाकलं, कंबर वळवली, होता नव्हता तो सगळा जीव हातात आणला. मनगट हललंसुद्धा नाही. तिने पुन्हा केलं. दात आवळून पुन्हा केलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, हनुवटीवरून तिच्या बोटांवर पडत होतं. पण तो जागचा हलला नाही, आणि पकडही सोडली नाही.

तेव्हा कुठे ती रडली. मोठ्याने, पोटातून. आणि तो तसाच तिला धरून उभा राहिला.