किती उंचावरून?

एकतीस वर्षं मी जिल्ह्याच्या बस डेपोत वेळापत्रकं तयार केली. वेल्समधल्या आमच्या या खोऱ्यात ग्वेन नावाच्या चौघी, म्हणून मला सगळे ‘ग्वेन टाइमटेबल’ म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. सहा दहाची बस सहा दहालाच सुटावी, यापलीकडे माझा फारसा कशावर विश्वास नाही. चॅपलमध्येसुद्धा प्रवचन किती मिनिटं चाललं ते मी बघत असते.

ऑगस्टमध्ये माझी थोरली बहीण नेस्टा गेली. आम्ही दोघी बिनलग्नाच्या, एकाच घरात वाढलो आणि त्याच घरात म्हाताऱ्या झालो. तिच्यामागे तिचे गमबूट, अर्धवट विणलेला स्वेटर आणि नऊ कोंबड्या राहिल्या. कोंबड्यांना तिने चॅपलमधल्या बायकांची नावं दिली होती. सगळ्यांत जाडी ती मिसेस बेवन, आणि खऱ्या मिसेस बेवनना ते ठाऊक होतं. शेवटच्या आठवड्यात नेस्टाने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “ग्वेनी, कोल्ह्याला एकही द्यायची नाही. शब्द दे.” मी दिला. मला ग्वेनी म्हणणारं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

शब्द देणं सोपं होतं. नेस्टा रोज तिन्हीसांजेला मागच्या पायरीवर उभी राहून हाक मारायची, “चला गं पोरींनो, घरी चला!” आणि नऊच्या नऊ जणी रांगेने खुराड्यात जायच्या. मी तीच हाक मारली तर मान वाकडी करून माझ्याकडे बघायच्या. महिनाभर मी झाडू घेऊन चिखलात त्यांच्यामागे धावले. मग ध्यानात आलं की त्यांना हाकलायची गरजच नाही. अंधारू लागलं की कोंबडी आपण होऊन आत जाऊन दांडीवर बसते, प्रश्न फक्त दार लावण्याचा असतो. म्हणून मी बॅटरीवर चालणारं एक सरकतं दार आणून बसवलं. त्यात घड्याळ होतं. संध्याकाळी सव्वासहाला दार खाली यायचं.

वरच्या टेकडीवर मेंढ्या पाळणारा आयव्हर ते बघायला आला. ऐंशीचा आहे, पण जीभ अजून तिखट.

“म्हणजे आता कोंबड्याही वेळापत्रकाप्रमाणे झोपणार. तिकिटं फाडतेस की नाही?”

“हसा तुम्ही. कोल्हा आला की तुम्हीच धावत याल.”

तो हसला नाही. “आलाय तो. चॅपलखालच्या ओल्वेनच्या अकरा नेल्या. ओल्वेन म्हातारीला पुरून पंधरा दिवसही झाले नव्हते.”

“दार तोडून?”

“दार कुठे तोडलं? उघडं राहिलं होतं. कोंबड्याच चालत बाहेर गेल्या, असं तिची सून सांगते.” त्याने टोपी डोक्यावर दाबली आणि मेंढ्यांच्या भावाविषयी बोलायला लागला.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. हिवाळ्यासाठी त्या दिवशी इथे सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे घ्यायची असतात. माझ्या दृष्टीने तो सणच. स्वयंपाकघरातलं, जिन्यातलं, गाडीतलं, नेस्टाच्या उशाजवळचं, अशी सगळी घड्याळं मी न्याहारीच्या आत मागे केली. शेवटी खुराड्याचंही केलं आणि समाधानाने चॅपलला गेले.

संध्याकाळी पाच वीसला मी मोरीपाशी कांद्याची पात धूत होते. बाहेर काळोख झाला होता. नळ बंद केला आणि नेस्टाची हाक ऐकू आली.

“चला गं पोरींनो, घरी चला.”

मी ओल्या हातांनीच बाहेर गेले. खुराड्याचं दार सताड उघडं होतं. मिसेस बेवन फळीवरून उतरून परसातून चालली होती. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती दांडीवरून हलत नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. या मात्र माना ताठ ठेवून सरळ झुडपांच्या कुंपणाकडे चालल्या होत्या. कुंपणापलीकडे नेस्टा पुन्हा म्हणाली, “घरी चला.”

मी ओरडायला हवं होतं. मी उभीच राहिले. खरं सांगायचं तर मला ती हाक आणखी एकदा ऐकायची होती. अडीच महिन्यांनी तो आवाज कानावर पडला होता आणि माझे डोळे भरून आले होते.

मग कुंपणात काहीतरी हललं आणि हाक मधेच तुटली. मी धावले, हातांनी ढकलत कोंबड्या आत कोंबल्या, मोजल्या. आठ. मिसेस बेवन नव्हती. कुंपणाशी ना पीस होतं, ना रक्ताचा थेंब.

सकाळी आयव्हरला घोटाळा कळायला एक मिनिट लागलं. “काल इथे पाचच्या आधी सूर्य बुडाला आणि तुझं दार सव्वासहाला बंद! अगं, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? मग घड्याळ मागे केलं म्हणून मावळायचं थांबेल?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकतीस वर्षांत मी एकही बस चुकू दिली नव्हती, आणि नेस्टाची पहिली कोंबडी माझ्याच व्यवस्थितपणाने गेली. मी दाराची वेळ पाचवर आणली. मग त्याला आवाजाबद्दल सांगितलं. तो थट्टा करील असं वाटलं होतं.

“किती उंचावरून आला?” त्याने विचारलं.

“म्हणजे काय? कुंपणापलीकडून.”

“ते झालं. पण किती उंचावरून?”

“मी नाही बघितलं.”

“ओल्वेनच्या सुनेलाही सासूची हाक ऐकू आली होती. तिनेही नव्हतं बघितलं.” त्याने आपल्या कुत्र्याला शीळ घातली. कुत्रा फाटकाबाहेरच बसून राहिला होता. “दार वेळेवर लाव, ग्वेन. आणि तेवढा वेळ रेडिओ मोठा ठेव.”

सोमवारी, मंगळवारी, बुधवारी मी रेडिओ मोठा ठेवला. पाचला दार पडायचं. कोंबड्या आठ.

गुरुवारी मी दाराची बॅटरी काढली. हे सांगताना लाज वाटते. मनाशी म्हटलं, चोर पकडायचा तर दार उघडं हवं, आणि मी तर काठी घेऊन शेजारीच उभी राहणार. पण चोर पकडायचा नव्हता मला. बहिणीचा आवाज ऐकायचा होता. परसात उजेड पडावा म्हणून स्वयंपाकघराचा दिवा लावला, घराचं मागचं दार उघडं ठेवलं आणि खुराड्याला टेकून उभी राहिले.

सव्वापाच झाले. गवत ओलं होतं. आत कोंबड्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

“चला गं पोरींनो.”

आत पंख फडफडले. पहिली दांडीवरून उतरली.

या वेळी मी ऐकलं. नेस्टा उंच होती, माझ्याहून चार बोटं वर. हाक मात्र खालून येत होती, कुंपणाच्या बुडातून, माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवरून. आवाज तिचाच होता. फक्त शब्दांच्या मधे धाप होती. जीभ बाहेर काढून कुणी घेतं तशी, भराभर.

“घरी... चला.”

मी दार दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि वर काठी अडकवली. आतून कोंबड्यांनी दारावर अंग टाकलं. मी पाठ लावून दाबून धरलं. आठही आत होत्या. आज एकही दिली नव्हती.

“नाही मिळणार तुला,” मी कुंपणाकडे बघून म्हणाले. “शब्द दिलाय मी.”

हाक थांबली. कुंपणातली पानं हलायची थांबली.

हळूहळू कोंबड्याही शांत झाल्या. मला रडू आलं ते आनंदाचं. नेस्टाला सांगण्यासारखं काहीतरी मी केलं होतं.

तेवढ्यात परसातला उजेड कमी झाला. घराच्या उघड्या दारात, दिव्यासमोर कुणी उभं राहिलं की होतो तितका.

“ग्वेनी,” घरातून आवाज आला. “चल गं. घरी चल.”

या वेळी तो वरून येत होता. माझ्या डोक्याहून चार बोटं वरून.

धाप तीच होती.