अंदाजाची पातळी

अपडेटनंतर संगणकाचा आवाज गेला होता. हेमांगीचा नव्हे, संगणकाचा. हेमांगीचा आवाज उलट कधी नव्हे इतका स्वच्छ येत होता, आणि त्याचं श्रेय तिच्या नवऱ्याने, तुषार बोरवणकरने, परस्पर स्वतःकडे घेऊन टाकलं होतं.

मिरजेतल्या त्या फ्लॅटमध्ये पंख्यापासून कुकरपर्यंत सगळी यंत्रं तोंडी हुकमावर चालत. एकाच कंपनीची, एकजात गुणी. तुषारच्या संगणकावरची लिनक्स ही मोफत प्रणाली मात्र अजून आज्ञा टाइप करून मागायचं आणि त्या पाळतानाही नखरे करायचं. प्रिंटर चालू झाला की स्कॅनर रुसायचा. लिनक्सवाल्यांच्या फोरमवर गाऱ्हाणं मांडावं, तर कुणीतरी दीडशहाणा उत्तर द्यायचा, 'माझ्याकडे चालतं.' चालत असेल बाबा, मग मी काय तुझ्याकडे राहायला येऊ? डेअरीतल्या नोकरीत भली मोठी यंत्रं वठणीवर आणलेला हा माणूस एका टीचभर स्पीकरपुढे हात टेकायचा. तरीही संगणकाच्या जागी कंपनीचं बंद डबडं त्याला नको होतं. जे उघडून बघता येत नाही ते आपलं नव्हे, असं तो ठासून सांगायचा.

म्हणूनच पक्षाघाताने हेमांगीची वाचा गेली, तेव्हा त्याने तिच्यासाठी मुक्त, म्हणजे कुणालाही आतून उघडून बघता येणारा, वाक्सेतू निवडला. वाक्सेतू म्हणजे कानामागे बसवलेली नखाएवढी चकती. बोलायची इच्छा झाली की मेंदूत जे विद्युत्संकेत उठतात ते ही चकती टिपते, घरातला संगणक त्यांचे शब्द जुळवतो आणि गळ्यातल्या लॉकेटमधून ते तिच्याच जुन्या आवाजात ऐकू येतात. पण दुखावलेल्या मेंदूचे संकेत तुटक असतात. दोन शब्द मिळतात, मधले गळतात. त्या रिकाम्या जागा संगणक अंदाजाने भरतो. किती भरायच्या, ते एका आकड्यावर ठरतं. त्याला अंदाजाची पातळी म्हणतात.

तुषारने ती तीसवर ठेवली होती. हेमांगी अडखळायची, एका वाक्याला तिला घाम फुटायचा, पण जे यायचं ते अस्सल तिचं. "चहा... की... काढा?" भूगोल शिकवताना अख्खा वर्ग गप्प बसवणारी बाई होती ती. लिहिणंही आजारात गेलं होतं, त्यामुळे हे लॉकेट हाच तिचा एकमेव मार्ग. आणि रोज सकाळी एक प्रश्न ठरलेला असायचा, "मिहिका... कधी?" मिहिका म्हणजे त्यांची मुलगी, कॅनडात असते. वर्षभर हेमांगी तिच्या वाटेकडे डोळे लावून होती.

अपडेटनंतर हे सगळं बदललं. "चहा छान झालाय." "तू कर तुझं काम, माझी काळजी नको." तुषार हरखलाच. त्याच आठवड्यात मिहिकाचा फोन आला. "आई, सुट्टी मिळतेय. येऊ का पुढच्या महिन्यात?"

"नको गं बाळा. मी मजेत आहे. उगाच एवढा प्रवास कशाला? तू तुझं काम सांभाळ."

तुषारला जरा नवल वाटलं. पण म्हटलं, झाली असेल तिची समजूत. फोन ठेवल्यावर हेमांगीच्या हातातलं स्टीलचं भांडं भिंतीवर जाऊन आदळलं. "सॉरी हं, हात सटकला," लॉकेट म्हणालं. तिचा उजवा हात अधू होताच. तुषारने भांडं उचललं, पाणी पुसलं आणि पुन्हा संगणकाच्या गेलेल्या आवाजाच्या मागे लागला.

नंतर डॉ. वसुधा मगदूम तपासायला आल्या. वाक्सेतू ज्या चमूने बनवला, त्यात त्याही होत्या.

"काकू, कशा आहात?"

"अगदी छान. तुम्ही कशाला त्रास घेतलात? चहा टाकायला सांगते ना."

हे गोड शब्द चालू असताना हेमांगीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "काका, अंदाज कितीवर आहे?"

"तीस. मीच ठेवलाय."

"दाखवा बघू."

तुषारने सेटिंगची फाइल उघडली. नव्वद.

लिनक्सवर हौसेने काम करणाऱ्या प्रत्येकाला तो प्रश्न ठाऊक असतो. अपडेट मध्येच थांबून विचारतं, 'तुमची जुनी सेटिंग ठेवू की नवी घेऊ?' उत्तर कायम एकच, जुनी. पण त्या दिवशी प्रश्नांमागून प्रश्न आले, मधेच आवाज गेला, आणि वैतागून त्याने 'सगळीकडे नवी' असं दाबून टाकलं होतं. मरो ती कटकट एकदाची, असंही म्हणाला होता.

"पण नव्या फाइलमध्ये नव्वद घातलं कुणी?"

"आम्हीच. लोकांची मागणी होती, काका. पेशंटचं अडखळणं घरच्यांना ऐकवत नाही."

"मग इतके दिवस बोलत होतं कोण?"

"थोडं काकू. बाकी हजारो बायका. यंत्राला बोलायला शिकवताना आम्ही आयांची मुलांशी झालेली फोनवरची बोलणी वापरली, त्यांना विचारूनच. एवढ्या पातळीला संकेत कमजोर वाटला, की यंत्र त्याच्यावर विसंबत नाही. अशा वेळी बहुतेक जणी काय म्हणतात, तेच ते म्हणतं. मुलीने 'येऊ का' विचारलं तर आई काय म्हणते?"

ते तुषारला कुणी सांगायची गरज नव्हती. "आणि त्या बायकांना खरंच तसं वाटत होतं?"

"ते आम्ही नाही तपासलं."

त्याने चडफडत आकडा खाली आणला, वाक्सेतू पुन्हा सुरू केला आणि हेमांगीसमोर गुडघ्यांवर बसला. लॉकेट बराच वेळ नुसतं खरखरलं. तिच्या कपाळावर घाम आला.

"गा... ढवा," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, "ऐकत... होते... सगळं."

तुषारला रडू आवरेना. त्याने तसाच मिहिकाला फोन लावला आणि झाला प्रकार धडाधड सांगून टाकला.

"बाबा, मी सुट्टी रद्द केलीय. आईच नको म्हणाली होती, किती समजून बोलली."

"ती नव्हती गं ती! आता ऐक. हेमांगी, बोल."

लॉकेट खरखरलं. "मि... मि..."

"काय? आवाज तुटतोय. बाबा, तुम्ही परत काहीतरी बिघडवलंत, खरं की नाही?"

"नाही गं, जरा थांब. तिला वेळ लागतो."

"मागच्या वेळी कित्येक महिन्यांनी मला आई आईसारखी वाटली हो. हे असं ऐकलं की कुणी परकीच बाई वाटते. प्लीज, होतं तसं करा. मग बोलू."

फोन बंद झाला. हेमांगीचे डोळे अजून फोनवरच खिळले होते, कपाळाची शीर ताठ झाली होती. डॉक्टरांनी मान वळवली. तुषारने फोन तसाच तिच्यासमोर धरून ठेवला.

"ये," लॉकेट म्हणालं.